रेनेसान्स इटलीत, मग कारखाने इंग्लंडात का? सूतगिरणीतल्या माणसाचं उत्तर

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन मुख्य प्रश्न आहेत. एक, पुस्तकात रेनेसान्स, धर्मसुधारणा, विज्ञानक्रांती, औद्योगिक क्रांती अशी प्रकरणं एकामागून एक येतात, जणू एकातून दुसरं आपोआप निघालं, मग सुरुवात फ्लॉरेन्स-व्हेनिसला आणि शेवट मँचेस्टरला असं कसं, इटली मधेच कुठे गळाली? आणि दुसरा, 'वाफेचं इंजिन लागलं म्हणून औद्योगिक क्रांती झाली' असं परीक्षेत लिहिलं तर चालेल का? दुसऱ्याचं आधी सांगून टाकतो, नाही चालणार, निदान मी पेपर तपासत असतो तर अर्धे मार्क कापले असते. का ते पुढे येईलच.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझं आयुष्य सूतगिरणीत गेलं, आधी शिफ्ट सुपरवायझर, मग स्पिनिंग मास्टर, आणि नंतर टेक्सटाइल डिप्लोमाच्या पोरांना शिकवलं. रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायचं आजचं यंत्र, शिकवताना पोरं विचारायची की सर हे रुळ असेच का, हे कुणी काढलं, त्याचं उत्तर शोधता शोधता युरोपचा इतिहास वाचायची सवय लागली ती लागलीच. त्यामुळे माझं उत्तर सुताच्या बाजूनं येणार. चित्रं, पुतळे, चर्चचे घुमट याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळणारे इथे आहेत.

आणि हेही आधीच सांगतो, 'युरोप बदलला' म्हणजे कोणता युरोप यावर सगळं आहे. रशियात शेतकरी १८६१ पर्यंत जमिनीला बांधलेलाच होता, दक्षिण इटलीतल्या खेड्यात १८५० साली गेलात तर १५५० पेक्षा फार वेगळं काही दिसलं नसतं. मी बोलतोय ते उत्तर इटली आणि उत्तर इंग्लंड या दोन तुकड्यांबद्दल, कारण तुमचा प्रश्न तिथलाच आहे.

आता मुख्य गोष्ट. लोकांना वाटतं इटलीकडे कला होती आणि इंग्लंडकडे मशीन. साफ चूक. मशीन इटलीकडेच होती, आणि इंग्लंडच्या तीनशे-चारशे वर्षं आधी. बोलोन्या शहरात मध्ययुगापासून रेशमाला पीळ देणाऱ्या गिरण्या होत्या, पाण्यावर चालणाऱ्या. मधोमध उभा मोठा दांडा, त्याभोवती गोल लाकडी सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर मजल्यावर मजले चढवलेल्या शेकडो चात्या (पीळ देणाऱ्या फिरत्या काड्या), सगळ्या एका पाणचक्कीवर एकदम फिरणाऱ्या. एक यंत्र, एक शक्ती, शेकडो चात्या, कामगार फक्त तुटलेली तार जोडायला. हा कारखानाच झाला की! आणि हे काही अगदीच गुपित नव्हतं, झोंका नावाच्या माणसाचं यंत्रांच्या चित्रांचं पुस्तक १६०७ साली पादुआला छापलं गेलं, त्यात या गिरणीची चित्रं आहेत, आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत ते १६२० पर्यंत पोचलं सुद्धा होतं.

म्हणजे बघा, चित्र इंग्लंडात शेल्फवर उघडं पडलंय आणि पुढची शंभर वर्षं कुणी तशी गिरणी यशस्वीपणे उभी करू शकलं नाही. शेवटी जॉन लोम्ब नावाचा माणूस १७१६-१७ च्या सुमारास इटलीत गेला, तिथल्या गिरणीत काम मिळवून यंत्र समक्ष पाहून आला. हे जोखमीचं काम होतं, तिकडे असलं तंत्र बाहेर नेणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. त्याचा सावत्र भाऊ थॉमस यानं १७१८ ला पेटंट घेतलं आणि डर्बी गावी डरवेंट नदीतल्या बेटावर पाच मजली गिरणी बांधली, १७२१ च्या आसपास ती पूर्ण झाली, तीनेकशे माणसं कामाला.

मला या गोष्टीचं आश्चर्य वाटत नाही. ड्रॉइंगवरून मशीन बनते, चालत नाही. चातीला किती वेग, तारेला किती ताण, लाकूड पावसाळ्यात फुगलं की काय करायचं, हे चित्रात कुठे असतं? आमच्याकडे कंपनीचा फिटर येऊन आठ-पंधरा दिवस राहिल्याशिवाय नवी मशीन नीट धरत नाही, आणि हे जाड मॅन्युअल सोबत असताना. त्यामुळे 'छपाई आली आणि ज्ञान पसरलं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. छपाईनं काय शक्य आहे ते पसरलं. कसं करायचं ते माणसांच्या पायांनीच गेलं, लोम्बसारख्या हेरांच्या नाहीतर फ्रान्समधून धर्माच्या छळामुळे पळालेल्या ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, विणकरांच्या. लंडनच्या स्पिटलफील्ड्समधला रेशमी धंदा १६८५ नंतर या लोकांनी वाढवला. धर्मसुधारणेचा उद्योगाशी संबंध लिहायचा असेल तर हा लिहा, 'प्रोटेस्टंट लोक कष्टाळू' वगैरे मला फारसं पटत नाही.

बरं, डर्बीत कारखाना झाला १७२१ ला. मग क्रांती १७२१ ला का नाही झाली?

इथे धागा बघायला लागतो. रेशमाच्या किड्यानं सोडलेला तंतू शेकडो मीटर सलग असतो. तो लांबवायचा प्रश्नच नाही, फक्त चार-सहा तंतू एकत्र करायचे आणि पीळ द्यायचा. बोलोन्याची मशीन तेवढंच करायची. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंच. त्याला नुसता पीळ देऊन काही होत नाही, आधी पेळूतले तंतू एकमेकांवरून सरकवत सरकवत बारीक करायचे आणि मगच पीळ. हे सरकवणं, ज्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो, चरख्यावर बाईची बोटं करतात. ती बोटं मशीनमध्ये कशी घालायची हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर इटलीच्या गिरणीत नव्हतं, कारण त्यांना तो प्रश्नच पडलेला नव्हता.

उत्तर आलं रुळांच्या जोड्यांमधून. मागची जोडी हळू, पुढची जलद, मधे तंतू ताणले जाऊन बारीक होतात. लुईस पॉल आणि जॉन वायट यांनी १७३८ ला याचं पेटंट घेतलं होतं, पण धंदा बसला. रिचर्ड आर्कराइट या इंग्रज गिरणीवाल्यानं १७६९ ला तेच तत्त्व चालवून दाखवलं. फरक काय? माझ्या मते सगळा फरक रुळांमधल्या अंतरात आणि वरच्या रुळांवरच्या वजनात आहे. अंतर तंतूच्या लांबीपेक्षा कमी पडलं तर एकच तंतू दोन्ही जोड्यांच्या तावडीत सापडतो आणि तुटतो, नाहीतर निसटतो. अंतर जास्त झालं तर आखूड तंतू मधल्या मधे कुणाच्याच ताब्यात नाही, आणि सूत जाड-बारीक येतं. वरचा रुळ चामड्याचा, खालचा खाचांचा, आणि वरून वजनं लटकवलेली. आजही रिंग फ्रेमवर वरचा रुळ मऊ, खालचा खाचांचा आणि वर दाब हेच आहे, वजनाच्या जागी स्प्रिंग नाहीतर हवेचा दाब आला आणि चामड्याच्या जागी सिंथेटिक रबर. नवीन कापसाचा लॉट लागला की सेटिंग गेज घेऊन आम्ही जे करायचो, तेच तो करत होता. त्यासाठी आर्कराइटनं हाताशी धरला होता तो जॉन के नावाचा घड्याळजी, कारण दातेरी चाकं अचूक कापणारी माणसं म्हणजे घड्याळवालेच.

त्यानं १७७१ ला गिरणी काढली क्रॉमफर्डला, म्हणजे त्याच डरवेंटच्या खोऱ्यात, डर्बीपासून पंचवीसेक किलोमीटर वर. पैसा लावला सॅम्युअल नीड आणि जेडेडाया स्ट्रट या मोज्यांच्या धंद्यातल्या दोघांनी, त्यांना सूत हवंच होतं. जागा का ती? जवळच्या शिशाच्या खाणींचं पाणी बाहेर काढणारा एक बोगदा तिथे उघडायचा, ते पाणी जमिनीतून आल्यामुळे कोमट, थंडीत गोठायचं नाही. म्हणजे चाक बारा महिने चालू. गिरणी रात्रंदिवस दोन पाळ्यांत चालायची. यात वाफ कुठेच नाही बघा. बोल्टन-वॉट कंपनीचं चाक फिरवणारं वाफेचं इंजिन सूतगिरणीत पहिल्यांदा लागलं ते १७८५ ला, पॅपलविकला, क्रॉमफर्डनंतर चौदा वर्षांनी. म्हणून म्हटलं की इंजिनानं क्रांती सुरू झाली असं लिहू नका. कारखाना आधी आला, वाफ नंतर. वाफेनं काय केलं तर गिरणीला नदीकाठ सोडून मँचेस्टरसारख्या शहरात जाता आलं, जिथे माणसंही होती आणि कोळसाही.

आता 'इटली का गळाली' याकडे येतो. पहिली गोष्ट, रेनेसान्स संपताना इटली गरीब नव्हती. व्हेनिसमध्ये १६०२ च्या सुमाराला वर्षाला २८ हजारांवर लोकरी ठाण निघत होते. शंभर वर्षांनी तो आकडा दोन-तीन हजारांवर आला. मधे १६३० ची प्लेगची साथ झाली, व्हेनिसची जवळजवळ एकतृतीयांश माणसं गेली, पण नुसत्या साथीनं धंदा कायमचा जात नाही. धंदा गेला कारण इंग्रज आणि डच लोक भूमध्य समुद्रात हलकं, स्वस्त, जरा कमी टिकणारं कापड घेऊन उतरले. व्हेनिसच्या कारागीर संघांनी (गिल्ड) दर्जा सोडला नाही, मजुरी उतरवली नाही, नियम बदलले नाहीत. माल उत्तम होता हो, गिऱ्हाईक कमी होत गेलं. इंग्रज व्यापारी तर आपल्या कापडावर व्हेनिसच्या मालाच्या खुणा मारून विकायचे. ज्यानं पेठेत कापड विकलंय त्याला यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

आणि दुसरं कारण हिशोबाचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सूतगिरणीत कापूस सोडला तर खर्चाचे दोनच मोठे रकाने, मजुरी आणि पॉवर. नवीन मशीनचा सेल्समन आला की आम्ही पहिलं हेच विचारायचो, माणसं किती वाचतील आणि युनिट किती जळतील. मशीन चांगली आहे म्हणून कुणी घेत नाही. इचलकरंजीत बघा, शटललेस (बिनधोट्याचे) माग जगात येऊन किती दशकं झाली तरी धोटा आदळणारे साधे माग खडखडत राहिलेच, कारण जुना माग भंगाराच्या भावात मिळतो आणि चालवणारा माणूस स्वस्त. मालक अडाणी होता म्हणून नाही, त्याचा हिशोब बरोबर होता.

तोच हिशोब अठराव्या शतकात लावा. इंग्लंडात मजुरी युरोपच्या मानानं चढी आणि कोळसा खाणीच्या तोंडाशी मातीमोल. फ्रान्समध्ये, इटलीत, आपल्याकडे उलटं, माणूस स्वस्त आणि इंधन महाग. हारग्रीव्ह्जची जेनी, एक माणूस अनेक चात्या फिरवतो ती, १७६० च्या दशकात निघाली. १७८८ च्या सुमारास इंग्लंडात अशा वीसेक हजार जेनी होत्या, फ्रान्समध्ये नऊशेच्या आसपास. फ्रेंचांना जेनी माहीत नव्हती असं नाही, सरकारनं पैसे देऊन आणवली होती. पण ज्या गावात कातणारी बाई दिवसाला चिमूटभर पैशात मिळते तिथे मशीनचे पैसे वसूल व्हायचे कधी? यावर वाद आहे हेही सांगतो, काही अभ्यासक म्हणतात इंग्लंडातल्या कातणाऱ्या बायकांनाही काही फार मिळत नव्हतं, सगळा जोर मजुरीवर देऊ नका. मला स्वतःला गिरणीच्या अनुभवावरून मजुरी आणि इंधन दोन्ही मिळूनच पटतं, एकेकटं नाही.

वाफेच्या इंजिनाची गोष्ट तर या हिशोबाशिवाय कळतच नाही. आणि मजा म्हणजे ती पण इटलीतच सुरू होते. तिकडच्या पंपवाल्यांच्या लक्षात आलं होतं की ओढून घेणारा पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी उचलतच नाही, काही करा. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात याचा उल्लेख केलाय. त्याचा शिष्य टॉरिचेली यानं १६४३-४४ ला पाऱ्याच्या नळीवर दाखवलं की हे हवेच्या वजनामुळे होतं. मग जर्मनीत गेरिकनं निर्वात गोळ्यांचे प्रयोग केले, १६९० ला पापँनं सिलिंडरमध्ये वाफ थंड करून दट्ट्या खाली ओढून दाखवला. १७१२ ला न्यूकमेनचं इंजिन डडलीजवळ कोळशाच्या खाणीवर बसलं, तेही पाणी उपसायलाच. पाऱ्याच्या नळीपासून खाणीच्या पंपापर्यंत सत्तरेक वर्षं, आणि अनेक देश. न्यूकमेन स्वतः लोखंडी सामानाचा धंदा करणारा माणूस, त्यानं टॉरिचेली किती वाचला असेल देव जाणे, पण हवा ढकलते ही गोष्ट तोपर्यंत कारागिरांपर्यंत झिरपली होती एवढं नक्की.

न्यूकमेनचं इंजिन इतका कोळसा खायचं की खाणीच्या तोंडाशी, जिथे विकला न जाणारा चुरा ढिगानं पडलेला असतो, तिथेच ते परवडायचं. हेच इटलीतल्या टस्कनीत बसवलं असतं तर मालक महिन्याभरात बुडाला असता. पुढे वॉटनं वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायची युक्ती काढली, पेटंट १७६९ चं, आणि कोळसा साधारण चौथाईवर आला. त्याची पहिली मोठी गिऱ्हाइकं कोण? कॉर्नवॉलच्या कथिल-तांब्याच्या खाणी, जिथे कोळसा नव्हता, वेल्समधून जहाजानं आणावा लागायचा. बोल्टन-वॉट त्यांना इंजिनाची किंमत लावत नसत, जुन्या इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल त्याच्या एकतृतीयांश पैसे दरवर्षी घेत. आज एनर्जी सेव्हिंगवाल्या कंपन्या असेच करार घेऊन येतात, म्हणून सांगितलं. आणि वॉटचा सिलिंडर नीट गोल कापून दिला तो विल्किन्सननं, ज्याची यंत्रं मुळात तोफांची भोकं पाडण्यासाठी होती. तोफ नसती तर सिलिंडर गळतच राहिला असता.

इथपर्यंतचं एकत्र धरायचं तर असं: इटलीनं पाण्यावरचा कारखाना दिला, हवेच्या दाबाचा शोध दिला, पेटंट देण्याची पद्धत सुद्धा दिली (व्हेनिसचा कायदा १४७४ चा, इंग्लंडचा १६२४ चा), आणि दुहेरी नोंदीचा जमाखर्च दिला जो लुका पाचोलीनं १४९४ ला व्हेनिसमध्ये छापून सगळ्यांना शिकवला. यातलं काहीच वाया गेलं नाही. फक्त ते ज्या ठिकाणी पैसा वाचवू शकत होतं ती जागा दुसरी निघाली.

आता एक गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत उरकतात. हा सगळा कापूस इंग्लंडात पिकत नव्हता आणि सुती कापडाची आवड पण तिथली नव्हती. ती लावली आपल्या कापडानं. सुरत, कोरोमंडल, बंगालची छापील कापडं लंडनला इतकी खपायला लागली की लोकरवाल्यांनी ओरड करून कायदे करून घेतले, १७२१ नंतर छापील सुती कापड अंगावर घालायलाच बंदी. भारतीय माल अडवला, बाजार मात्र तयार राहिला. तेव्हाचं लँकेशायरचं (मँचेस्टरच्या मुलखाचं) हातसूत इतकं कच्चं की ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, चालायचं नाही, उभा धागा जवसाच्या खोडाच्या तंतूचा, म्हणजे लिननचा, आणि आडवा कापसाचा असं मिश्र कापड विणायचे. आर्कराइटच्या फ्रेमचं सूत पहिल्यांदा ताण्याला टिकलं, आणि १७७४ ला त्यानं पार्लमेंटकडून निव्वळ सुती कापडाला सूट मिळवली. १७७९ ला क्रॉम्प्टनच्या म्यूल नावाच्या कताई यंत्रानं बारीक सूतही काढलं. शंभर पौंड कापूस बारीक कातायला हातानं पन्नास हजार तासांच्या वर लागायचे, म्यूलवर सुरुवातीला दोन हजार, आणि १८२५ च्या सुमाराच्या आपोआप चालणाऱ्या म्यूलवर एकशे पस्तीस. या आकड्यांपुढे ढाक्याची कातणारी कशी टिकणार?

आणि एवढा कापूस आला कुठून, तर १७९३ ला सरकी काढायचं यंत्र निघाल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमावर. ज्या वर्षांत इंग्लंडात लोक हक्क-स्वातंत्र्याबद्दल लिहीत होते त्याच वर्षांत. गुलामीतून आलेल्या पैशानं क्रांती 'घडली' की नुसती जोरात चालली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तुम्ही दोन्ही बाजू लिहा. इंग्लंडातल्या पोरांचंही तेच, तुटलेले धागे जोडायला लहान बोटं लागतात म्हणून सात-आठ वर्षांची पोरं मशीनखाली. १८३३ च्या कायद्यानं नऊ वर्षांखालच्यांना कापडगिरण्यांत बंदी झाली आणि नऊ ते तेरा वयाला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, आणि रेशमाच्या गिरण्यांना त्यातूनही सवलत मिळालीच. हे 'प्रगती' या शब्दाखाली झाकू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की आपल्याकडचा दाखला जोडता येईल का. येईल, पण उगाच ओढूनताणून नको. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरचा कापूस तुटला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला, १८६५ ला युद्ध संपलं तसा तो बाजार कोसळला, हा एक. मला त्याहून आवडतो तो दुसरा. मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५० च्या दशकातच निघाली होती, यंत्रं लँकेशायरची. पण जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपूरला सुरू झाली १८७७ ला, आणि काही वर्षांतच त्यांनी म्यूल बाजूला सारून रिंग लावायला सुरुवात केली. रिंग अमेरिकेत निघालेली, लँकेशायरवाले तिला नाकं मुरडत होते, कारण त्यांच्याकडे म्यूलवर पिढ्यानपिढ्या हात बसलेले कसबी कामगार होते, बारीक सुताची गिऱ्हाइकं होती आणि म्यूलचे पैसे कधीच फिटलेले होते. त्यांचाही हिशोब त्यांच्या जागी बरोबरच होता. नागपूरला ते कसब नव्हतं, नव्या कामगाराला पटकन शिकवता येईल अशी मशीन हवी होती, सूतही मध्यम काउंटचं (जाडीचं). विसाव्या शतकात शिरल्यावरही लँकेशायरमध्ये म्यूलच जास्त होते, आणि आपल्या गिरण्यांची त्रासन (कताई) खाती रिंगनं भरली होती.

परीक्षेत जागा कमी असेल तर डर्बी १७२१ आणि क्रॉमफर्ड १७७१ या दोनच गिरण्या घ्या आणि पन्नास वर्षांत काय बदललं ते लिहा: धागा, गिऱ्हाईक, मजुरी. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवता येतं. म्यूल आणि रिंगमधला फरक कुणाला खोलात हवा असेल तर वेगळा प्रश्न टाका, तो इथे घुसवला तर हे उत्तर संपणारच नाही.